खळे, बाजार आणि साल : शंभर वर्षांपूर्वीच्या गावातील खरेदी-विक्री व मजुरी

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत देश, खानदेश आणि वऱ्हाड या भागांतील शेतकरी गावांमध्ये रोख रुपया क्वचितच हाती खेळत असे; धान्य, जनावरे, जमीन आणि माणसाची मेहनत यांची देवघेव मात्र वर्षभर अखंड चालत असे आणि तिचे रीतिरिवाज गावातल्या पोरासोरांनाही तोंडपाठ असत. काही देणेघेणे सुगीला खळ्यावर होई, काही आठवड्याच्या बाजारी, काही यात्रेच्या माळावर, काही सावकाराच्या ओटीवर, तर काही अक्षय्य तृतीयेला एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर. ठिकाणे वेगळी, माणसे वेगळी, मोजमापेही वेगळी. तरीही या सगळ्या व्यवहारांच्या मुळाशी एकच प्रश्न होता, आणि तो म्हणजे दोन पक्षांपैकी थांबण्याची ऐपत कोणाला आहे. ज्याच्या कणगीत पुढच्या सुगीपर्यंत पुरेल इतका दाणा होता आणि ज्याला सरकारी साऱ्याच्या हप्त्याची धास्ती नव्हती, तो भाव चढेपर्यंत विकायचा थांबे आणि उतरेपर्यंत घ्यायचा थांबे. उरलेल्यांना पीक घरात येताच विकावे लागे, तेच धान्य ज्येष्ठ-आषाढात चढ्या भावाने परत घ्यावे लागे आणि घरात काही उरले नाही की स्वतःच्या अंगमेहनतीचे वर्षच विकावे लागे.

या काळातील गावाचे जवळून घेतलेले दोन आढावे आज उपलब्ध आहेत आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कुणबी, बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, सण, यात्रा आणि बाजार यांतून गावाचा खर्च कसा वाहतो, याचे इतके बारकाईचे मराठी वर्णन त्यापूर्वी झालेले नव्हते. दुसरा आढावा पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा. त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरटी पाहणी करून ती १९१७ साली छापली आणि पुढे शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची तशीच पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. पिंपळे सौदागर येथे १७७१ साली एका खात्याला सरासरी सुमारे ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली होती आणि शंभरातील ऐंशीहून अधिक खाती दहा एकरांच्या आतली होती. पाच एकरांच्या आतला कोरडवाहू कुणबी हा नावाला शेतकरी असला तरी व्यवहारात तो धान्य विकत घेणारा आणि मेहनत विकणारा माणूस होता. म्हणूनच त्या गावातले हात खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे वळलेले मॅन यांना दिसले. त्या काळातील गाव म्हणजे स्वतःपुरते पिकवून स्वस्थ राहणारी वस्ती, हे चित्र या दोन ग्रंथांपुढे टिकत नाही.

सुगीच्या खळ्यापासून सुरुवात केली तर गावच्या जुन्या व्यवस्थेचे स्वरूप उत्तम कळते. ज्वारीची कणसे खुडून खळ्यात पसरली, मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरली, वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या झोतात उफणणी झाली की स्वच्छ दाण्यांची रास पडे. राशीची पूजा झाल्यावर मापाला हात लागे आणि पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू होई. याच वेळी खळ्याच्या कडेला गावचे बलुतेदार येऊन बसलेले असत. बलुते म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल पिकातून मिळणारा ठरावीक वाटा. सुतार व लोहार औते, पाभर, कुळव, फाळ नीट ठेवीत. चांभार मोट व वहाणा शिवी. मांग नाडे-दोर वळी. कुंभार मडकी देई. न्हावी, परीट, गुरव, जोशी, मुलाणा, कोळी यांची आपापली कामे ठरलेली असत. आणि या सर्वांचा थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळींत किंवा कासांत दर्जा लावून त्याप्रमाणे पेंढ्या आणि दाणे दिले जात. बारा बलुतेदारांच्या याद्या गावोगाव थोड्या वेगळ्या असत, परंतु तत्त्व एकच होते, की कामाच्या नगाला दाम नाही, कुणब्याने वर्षभरात कितीही वेळा कुळवाची पास धारेला लावली तरी लोहाराला त्याच्या वाट्याचेच मिळायचे, आणि पीक बुडाले तर लोहाराचेही बुडायचे. बलुत्याखेरीज राशीतून देवाचे, गोसाव्याचे, गोंधळ्याचे काढून ठेवले जाई. खळ्यातले मातेरे खालच्या मानलेल्या जातींच्या पदरात पडे. आणि कापून गेलेल्या शेतात पडलेली कणसे वेचण्याचा, म्हणजे सरव्याचा, हक्क गोरगरीब बायकांना असे.

या व्यवस्थेकडे पाहून हळहळणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले आहे, आणि तिच्यात दुष्काळात एकमेकांना सांभाळण्याचा अंश होता हेही खरे. परंतु ज्या कामाला नकार देता येत नाही त्याला मजुरी म्हणणे योग्य नव्हे. महारांकडे गावाची राखण, शिवेची माहिती, सरकारी टपाल व सारा पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, अंमलदाराचा तळ पडला की सरपण-वैरण पुरवणे अशी दिवसरात्रीची कामे होती. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि बलुते. आणि त्या एका वतनावर भाऊबंदांची पन्नास तोंडे. काम सरकारचे, पण वेतन गावकऱ्यांच्या मर्जीवर, असा हा उफराटा प्रकार होता, कारण गावाशी जरा बिनसले की बलुते बंद केले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा बलुत्याचे रूपांतर रोख करात करून वेतन बांधून द्यावे आणि वतनी जमिनी मोकळ्या कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक संमत झाले नाही. बलुत्याच्या अर्थशास्त्रावर त्या काळात याहून अचूक बोट कोणी ठेवले नसावे, कारण दाम ठरलेले नाही तेथे माणसाची सुटकाही नाही, हे त्यांनी ओळखले होते.

कुणब्यांच्या आपापसांतील मेहनतीच्या देवघेवीत मात्र असा उच्चनीच भाव नव्हता. काळ्या जमिनीत हरळी माजली की लाकडी नांगराला सहा-आठ बैल लागत, आणि घरची जोडी एकच असलेल्या शेतकऱ्याला ते एकट्याने शक्य नसे. म्हणून दोघे-तिघे मिळून सावड करीत, म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एखाद्याचे काम फारच मागे पडले, तर तो इर्जिक घाली. शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन येत, दिवसभरात रान उलथून देत आणि संध्याकाळी त्याच्या घरी गोडाधोडाचे किंवा मटणाचे जेवून परत जात. यात पैसा नसला तरी हिशेब पक्का होता, कोण कोणाच्या इर्जिकीला गेला नाही हे वर्षानुवर्षे लक्षात राही, आणि ज्याच्याकडे बैलच नव्हते तो या देवघेवीबाहेर पडे. त्याला बैलांच्या एका दिवसाबद्दल स्वतःचे दोन-तीन दिवस राबून फेड करावी लागे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहून लोखंडी नांगर तयार होऊ लागले, तेव्हा आरंभी शेतकरी त्यांना बिचकत होता, कारण लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. तो समज ओसरल्यावर ज्याच्याकडे असा नांगर आला तो इतरांची शेते दाम घेऊन नांगरून देऊ लागला आणि सावडीच्या जागी भाडे आले.

मजुरीचे खरे वजनदार प्रकरण सालाचे. सालदार किंवा सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. देशावर हे वर्ष बहुधा गुढी पाडव्याला, तर खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सुरू होई. सण म्हणून हा दिवस आनंदाचा, परंतु सालाच्या दृष्टीने तो मालकाच्या सोयीचा होता. कापसाची वेचणी संपून बायकांची मजुरी थांबलेली, पेरणीचे काम अजून दूर, घरातले मडके तळाला गेलेले, अशा वेळी गडी मालकापुढे उभा राही. बोली होई ती अशी : वर्षाचे रोख इतके, दरमहा ज्वारी किंवा बाजरी इतक्या पायल्या, वर्षाला एक घोंगडी, एक वहाणांचा जोड, एक धोतर किंवा पटका, आणि तंबाखू. घरी दोन वेळा जेवायचे की कोरडे धान्य घ्यायचे हे वेगळे ठरे, आणि जेवणाऱ्याचे रोख कमी होई. ठरले की मालक काही रक्कम आगाऊ देई, तिला उचल म्हणत. गड्याच्या दृष्टीने सारा व्यवहार या उचलीसाठीच असे, कारण लग्न, आजारपण, मागच्या मालकाची बाकी किंवा वाण्याची उधारी तीतून भागवायची असे.

पुढचे वर्ष पहाटे सुरू होऊन रात्री संपत नसे. तांबडे फुटण्याआधी वैरणपाणी, मग मोट किंवा औत, दुपारी जनावरे, संध्याकाळी कडबा तोडणे, आणि पीक उभे असेल तेव्हा रात्री माळ्यावर किंवा खोपीत राखण. शेवटची कामगिरी झोपेत होत असल्याने तिची गणती कामात होत नसे. गडी आजारी पडला किंवा सासुरवाडीला गेला की ते दिवस खाड्यात धरले जात, आणि वर्षाअखेरीस खाडे व उचल वजा जाता हाती काही उरण्याऐवजी बहुधा बाकीच निघे, म्हणून साल पुढे चालू राही. गोठ्यातले शेणघाण गड्याच्या बायकोने काढायचे, हेही अनेक ठिकाणी गृहीतच असे. खानदेशात गुजर शेतकऱ्यांकडे भिल्ल सालदार उचलीपोटी वर्षानुवर्षे अडकून राहत, ही गोष्ट सरकारी गॅझेटियरात एकोणिसाव्या शतकातच नोंदवलेली आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत लग्नाच्या कर्जापायी आयुष्य गहाण पडलेल्या माणसाला तर ‘लग्नगडी’ हे नावच पडले होते. तरीही सालदारकीला केवळ गुलामी म्हणून मोकळे होता येत नाही, कारण भरवशाच्या गड्याला चांगला मालक सोडू इच्छीत नसे, दोन मालकांत एका गड्यासाठी चढाओढ लागे, आणि कसबी गड्याच्या शब्दावर घरची पेरणी चाले. त्याला स्वतःची किंमत कळत होती. ती मागण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता.

रोजंदारीचे दर कामाप्रमाणे, हंगामाप्रमाणे आणि बाई की पुरुष यांप्रमाणे बदलत, आणि बाईला कमी हे सर्वत्र सारखेच होते. खुरपणी, निंदणी, कापसाची वेचणी ही बायकांची कामे. वेचणीत दामाऐवजी वेचलेल्या कापसाचा वाटा देण्याची पद्धत होती, आणि ती फार विचारपूर्वक बसवलेली होती. पहिल्या वेचणीला बोंडे भरघोस असत तेव्हा वाटा लहान असे, मग बोंडे विरळ होत गेली की तोच वाटा वाढे, म्हणजे दिवसभराच्या श्रमाला मिळणारे मोल साधारण सारखे राही. बायका आपला वाटा पदरात घेऊन लागलीच वाण्याच्या दुकानी जात आणि तेथे त्याच्या बदल्यात मीठ, मिरची, तेल घेत. एका दिवसात एकाच बाईने मेहनत विकली, कापूस विकला आणि वाणसामान घेतले, आणि यांपैकी एकाही व्यवहारात भाव तिने ठरवला नाही.

आठवड्याचा बाजार ही यातून थोडी मोकळीक देणारी जागा होती. पाच-सात मैलांवरच्या बाजारगावी बायका लोणी-तूप, अंडी, कोंबड्या, भाजी, गवताचे भारे, सरपण घेऊन जात, आणि येताना रॉकेल, मीठ, गूळ, बांगड्या, क्वचित लुगडे घेऊन येत. अनेक विक्रेते असल्याने येथे निदान दोन ठिकाणी विचारता येई. परंतु मापांचा घोळ येथेही पाठ सोडत नसे. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी ही चढती भाजणी कागदावर नीट बसत असली, म्हणजे चार शेरांची पायली, बहुधा बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, तरी एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारी भरत नसे, आणि सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा म्हणून गावचा तेवढाच असे असेही नव्हते. त्यात शिगेचा प्रश्न. मापाच्या काठावर दाण्यांचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग. घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना हात फिरवून सपाट द्यायचे, एवढ्या एकाच युक्तीवर कित्येक दुकाने चालली. मुंबई इलाख्यात वजने-मापे एकसारखी करणारा कायदा १९३२ साली आला. तोवर माप हीदेखील वाटाघाटीचीच बाब होती.

कुणब्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आणि जोखमीची खरेदी बैलांची. माणदेशात खिल्लार पैदाशीची थोर परंपरा असल्याने म्हसवड, खरसुंडी येथील सिद्धनाथाच्या यात्रांत, आणि निजामाच्या राज्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचे मोठे बाजार भरत. खरेदीदार आधी दूर उभा राहून बैल बसतो कसा, उठतो कसा, मागचा पाय पुढच्या खुराच्या ठशावर पडतो की नाही हे पाहत असे. मग जवळ जाऊन ओठ वर करून दात पाही. दुधाचे दात असलेला तो अदंत, नंतर दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि साधारण पाचव्या वर्षी आठही दात आलेला तो जुळलेला. जुळल्यानंतर वय सांगणे अवघड होत जाते, आणि हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी हा नेमक्या त्याच वयाच्या बैलावर कमाई करी. शिंगे साळून तुकतुकीत केलेली, अंगाला तेल चोळलेले, चार दिवस पेंड खाऊ घातलेली जनावरे तरुण दिसत. पाठीवरचे व कपाळावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरे, परंतु जाणता शेतकरी भोवऱ्यापेक्षा खांद्यावर जुवाचा घट्टा सारखा पडला आहे की एकीकडे, यावरून बैल कोणत्या बाजूला ओढतो हे ताडत असे.

भाव तोंडाने बोलला जात नसे. दलाल एका हातावर उपरणे किंवा रुमाल टाकी, त्याखाली विकणाऱ्याची बोटे दाबी, मग तसाच घेणाऱ्याकडे जाई. एक बोट म्हणजे एक, दहा की शंभर हे जनावर पाहूनच तिघांनाही कळलेले असे. भोवती घोळका असूनही आकडा तिघांपलीकडे जात नसे, आणि दोन्ही आकडे ठाऊक असलेला माणूस एकटा दलालच. सौदा जमला की विसार म्हणजे बयाणा हातावर पडे, बैलाच्या पाठीवर गुलाल उधळला जाई आणि बाजारची पावती केली जाई, कारण चोरीच्या जनावराचा संशय टाळायला तोच पुरावा.

या बाजारातही थांबू न शकणाऱ्याचे नुकसान ठरलेले होते. रब्बीची पेरणी आटोपली की लहान शेतकऱ्याला बैल उन्हाळाभर पोसणे जड जाई, म्हणून तो ते विकी, आणि त्याच्यासारखे शेकडो त्याच वेळी विकत असल्याने भाव पडलेला असे. ज्येष्ठात मृग जवळ आला की त्यालाच बैल घ्यायचे असत, आणि तेव्हा सर्वांनाच हवे असत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा फरक टोकाला नेला, वैरणीअभावी बैल मातीमोलाने गेले किंवा दावणीलाच मेले, आणि पाऊस पडला तेव्हा जमीन आहे पण औत ओढायला कोणी नाही अशी अवस्था झाली. १८८४ च्या कायद्याखाली बैल-बियाण्यासाठी सरकारी तगाई मिळे खरी, परंतु ती तलाठी-मामलेदाराच्या पायऱ्या चढून येईपर्यंत वाफसा निघून जाई, आणि शेतकरी पुन्हा सावकाराकडे वळे.

सावकार मारवाडी किंवा गुजर वाणीच असे असे नाही. ब्राह्मण होते, आणि विसाव्या शतकात तर सधन मराठा-कुणबी, माळी शेतकरीही शेजाऱ्याला कर्ज देऊन त्याची जमीन बळकावू लागले होते. बियाण्याचे धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे, म्हणजे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचे. हे व्याज चढे दिसते, पण खरा फायदा व्याजात नसून दोन भावांतील अंतरात होता. समजा, ज्येष्ठात रुपयाला चार पायल्या भाव असताना चोवीस पायल्या बियाणे उचलले आणि ते वहीत सहा रुपये म्हणून लिहिले गेले. सवाईने सुगीला साडेसात रुपये झाले, आणि तेव्हा भाव रुपयाला सहा पायल्या असला तर देणे झाले पंचेचाळीस पायल्या. वहीत सवाई, खळ्यावर जवळजवळ दुप्पट, आणि हेही पाच-सहा महिन्यांत. मूळ रकमेपेक्षा व्याज अधिक घेता येऊ नये असा दामदुपटीचा जुना नियम होता, परंतु दर दोन-तीन वर्षांनी बाकीसह नवे खत लिहून घेतले की व्याज मुदलात विरघळून जाई.

जमीन खरोखर विकाऊ वस्तू झाली ती इंग्रजी अमलात. इंदापुरापासून १८३६ साली सुरू झालेल्या गोल्डस्मिड-विंगेट पाहणीने आकार बांधून दिला, हक्क निश्चित केले, आणि ज्या हक्काला बाजारात किंमत आहे त्यावर कर्जही मिळू लागले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे खते जाळण्यापासून पेटलेला दंगा, त्यावरील चौकशी, आणि १८७९ चा डेक्कन शेतकरी मदत कायदा ही साखळी सर्वपरिचित आहे. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज तपासण्याचा अधिकार दिला, तो मोठाच होता. पण सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, पैसे फेडले की जमीन परत देऊ असे तोंडी सांगून. कागद पाहिला तर खुषीची विक्री, प्रत्यक्षात गहाण. पुढे दुरुस्ती करून हा आडमार्गही न्यायालयाला तपासता येईल असे करावे लागले. स्वतःची विकलेली जमीन त्याच कुळाने अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, किंवा ठरीव खंडाने कसायची, हे दृश्य गावोगाव होते. १९०१ साली सरकारने थकबाकीत गेलेल्या जमिनी विक्रीचा हक्क न देता परत लावण्याची तरतूद आणली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी विरोध करून सभात्याग केला; शेतकऱ्याची पत जाईल हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, परंतु पत म्हणजे जमीन गमावण्याची मोकळीक एवढाच तिचा अर्थ उरला होता, हेही नाकारता येत नाही. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि या साऱ्या उलाढाली गावच्या दप्तरात दिसू लागल्या.

वऱ्हाड-खानदेशचा कापूस गावाला थेट मुंबई व लिव्हरपूलशी जोडणारा होता, आणि येथे तरी रोख पैसा होता. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानात या प्रकारचा तो पहिलाच. तरीही कायद्याखालच्या समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचे राहिले. शेतकरी रात्रभर गाडी हाकून पहाटे बाजारात येई, येथेही रुमालाखालीच बोटे दाबून अडत्या भाव ठरवी, आणि गाडी जिनात जाऊन कापूस खाली पडू लागला की खरेदीदाराला त्यात कवडी, ओल, पाला दिसू लागे व भाव तुटे. गाडी परत नेणे म्हणजे बैलांची दुसरी वैरण आणि घरी वाट पाहणारा साऱ्याचा हप्ता. त्यामुळे तो तुटलेल्या भावाला मान्यता देई. मग अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय, पांजरपोळ अशा वजावटी. धर्मादायाचे पुण्य व्यापाऱ्याच्या नावे आणि पैसे शेतकऱ्याचे, यावर शेतकी रॉयल कमिशनसमोरही तक्रारी गेल्या. कमिशनचा अहवाल १९२८ चा, मुंबई इलाख्याचा कापूसबाजार कायदा १९२७ चा, आणि सर्व शेतमालाला लागू होणारा १९३९ चा.

१९०४ च्या कायद्याने आलेल्या सहकारी पतपेढ्या आणि १९११ ची मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक यांची कामगिरी मोठी, पण ती जमीनवाल्यांपुरती. तारणाला थोडीफार जमीन तरी असलेल्याला तेथे दार उघडे होते, सालदाराला नव्हते. सालदाराचा भाव वाढवला तो वेगळ्याच गोष्टींनी. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहू लागल्यावर बारामतीकडे ऊस आणि गूळ वाढला, सासवडचे माळी तिकडे गेले, गुऱ्हाळावर गुळव्या व चुलवाण्या यांना हंगामाची रोख मजुरी मिळू लागली; गिरण्या, रेल्वे, गोदी, खडकीचा कारखाना यांनी माणसे ओढली; पहिल्या महायुद्धात महागाई भडकली; आणि १९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, घरेच्या घरे ओस पाडल्यावर उरलेल्या हातांना किंमत आली. गावात राहणाऱ्या मजुराला प्रथमच ‘नाही’ म्हणता येऊ लागले, ते त्याच्या भावाने किंवा मुलाने शहरातून मनिऑर्डर पाठवली म्हणून. आठ-पंधरा दिवस थांबता येण्याइतका पैसा घरात आला, एवढ्यानेच बोलणीचा सूर बदलला. आणि कायद्यांनी जे पन्नास वर्षांत साधले नाही ते या थोड्याशा अवकाशाने साधले, असे म्हणणे भाग आहे. गावच्या कनिष्ठ वतनांचा शेवट मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने झाला, तोपर्यंत बलुते बहुतेक ठिकाणी अर्धेमुर्धे उरले होते.

या साऱ्याचे उपलब्ध पुरावे बहुतांशी सरकारी अहवाल आणि शहरातल्या अभ्यासकांचे ग्रंथ एवढ्यापुरते आहेत. गावाच्या बाजूचा पुरावा म्हणजे सावकाराच्या खातेवह्या, बैलबाजारच्या पावत्या, उचलीच्या चिठ्ठ्या, मुदतखरेदीची खते आणि बलुत्याच्या याद्या. त्यांपैकी पुष्कळ कागद मोडीत असल्याने वाचता येत नाहीत म्हणून माळ्यावर पडून आहेत आणि दर पावसाळ्यात वाळवी त्यांचा फडशा पाडते आहे. ज्यांच्या घरी असे दप्तर असेल त्यांनी ते रद्दीत न घालता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावे. आणि दाखवताना राजे-सरदारांची पत्रे निवडून बाकीचे बाजूला न ठेवता, सालदाराच्या खाड्यांचा हिशेब असलेली फाटकी वहीही सोबत न्यावी.